अमेरिकेहून आणलेली वस्तू इथे चालत नाही? प्लग लावण्याआधी आणि लावल्यानंतर काय तपासायचं

दुरुस्तीच्या कामात जानेवारी आणि ऑगस्ट हे माझे ठरलेले महिने आहेत. सुट्टीला आलेली मुलं, सुना, भाचे अमेरिकेला परत गेलेले असतात आणि त्यांनी हौसेने आणलेल्या वस्तू एकेक करून टेबलावर येऊ लागतात: कॉफी मेकर, हेअर ड्रायर, इलेक्ट्रिक कुकर, फोन, टॅबलेट. बिघाड तेच ते असतात आणि त्यातले बरेचसे टाळता आले असते. म्हणून क्रमाने लिहितो आहे. फुकटच्या, सोप्या तपासण्या आधी. खर्चाच्या आणि जोखमीच्या नंतर.

लक्षणं: तुमच्याकडे नेमकं काय होतंय?

- बटण दाबताच ठप्प आवाज झाला, जळका वास आला, घरातला एमसीबी पडला.
- वस्तू चालते, पण घुमते, नेहमीपेक्षा जास्त तापते, मोटर धापा टाकते.
- घड्याळ किंवा टायमर रोज मागे पडतो.
- चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवला की झिणझिण्या येतात.
- प्लग सॉकेटमध्ये सैल बसतो, हलवला की ठिणगी दिसते.
- फोन चालू होतो, पण भारतातलं सिम घेत नाही. किंवा इंटरनेट चालतं आणि कॉल मात्र लागत नाही.
- घरातलं वाय-फाय सगळ्यांना दिसतं, नव्या लॅपटॉपलाच दिसत नाही.
- सॉफ्टवेअरचा कोड टाकला की ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, किंवा हवं ते ॲप स्टोअरमध्ये सापडतच नाही.

पहिली पाच लक्षणं विजेची आहेत, उरलेली नेटवर्कची आणि खात्यांची. दोन्हींचे रस्ते वेगळे, म्हणून वेगवेगळं लिहितो.

विजेच्या वस्तू

*१. लेबल वाचा. खर्च शून्य.*

वस्तूच्या पाठीवर, बुडाशी किंवा चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत मजकूर छापलेला असतो. चष्मा लावूनही वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. ‘इनपुट’ या शब्दापुढची ओळ आपल्याला हवी आहे. पुष्कळ जण ‘आउटपुट’ची ओळ वाचून येतात आणि ‘यावर तर ५ व्होल्टच लिहिलंय’ म्हणतात. ते चार्जरमधून बाहेर पडणारं व्होल्टेज झालं, भिंतीतून आत येणारं नव्हे.

इनपुटपुढे ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर वस्तू भारतात चालेल. फोन, लॅपटॉप, कॅमेरा, टॅबलेट यांचे चार्जर जवळजवळ सगळे असेच असतात. प्लेस्टेशन ५ सुद्धा यातच येतो. अशा वस्तूला फक्त आपल्या सॉकेटची पिन हवी, बाकी काही नाही.

‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल, किंवा ११०, ११५, १२५ असा एकच आकडा असेल, तर ती वस्तू आपल्या सॉकेटला थेट लावायची नाही. क्षणभरही नाही.

तिसरा प्रकार ‘१२५/२५०’ असा दोन आकड्यांचा. काही प्रवासी हेअर ड्रायरवर नाण्याने फिरवायची एक खाच असते आणि तिच्या दोन बाजूंना हे आकडे लिहिलेले असतात. ती फिरवून २५० वर आणावी लागते, आपोआप होत नाही. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मागेही ११५/२३० असं लाल सरकतं बटण असतं. ते ११५ वर ठेवून इथे चालू केलं तर आतला वीजपुरवठा त्याच क्षणी जातो.

ही तपासणी पहिली का, ते नीट समजून घ्या. भारतात घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला विजेच्या ५० लाटा). अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये आलेली वीज आधी सरळ करून घेतात आणि मग तिचे अतिवेगाने तुकडे करून हवं तेवढं व्होल्टेज तयार करतात, त्यामुळे त्याला १२० आणि २३० दोन्ही चालतात. हेअर ड्रायरच्या कॉइलला अशी सोय नसते, ती थेट भिंतीला जोडलेली असते. व्होल्टेज दुप्पट झालं की करंटही दुप्पट होतो आणि उष्णता चौपट होऊ पाहते. अमेरिकेत १८७५ वॉटचा हेअर ड्रायर अगदी सर्रास मिळतो. तो इथे लावला की पहिल्या क्षणाला जवळजवळ ६९०० वॉट ओढू लागतो, म्हणजे दोन हजार वॉटच्या तीन गिझरहून जास्त भार एकाच प्लगवर. एमसीबी पडला तर नशीब समजा.

फसवणारी गोष्ट एकच: इलेक्ट्रिक टूथब्रशचा स्टँड. बॅटरीची वस्तू आहे, छोटी आहे, म्हणून कुणी लेबल बघत नाही. अमेरिकेत विकलेले कितीतरी स्टँड फक्त ११०–१३० व्होल्टचे असतात. ब्रश चांगलाच राहतो, स्टँड जळतो. अशा वेळी त्याच ब्रशला बसणारा इथला स्टँड घ्यावा.

वस्तू कुठल्या देशातून आली यावरही बरंच ठरतं. दुबई किंवा लंडनहून आलेली असेल तर तिथली वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्टच्या घरातली आणि ५० हर्ट्झची. फक्त पिना चौकोनी. आखातातून घरी येणाऱ्या कोकणातल्या मंडळींना म्हणूनच हा त्रास फारसा होत नाही. अपवाद सौदी अरेबियाचा, तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि त्यातही टोकियोकडे ५० हर्ट्झ तर ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकी, तो फरक आजतागायत टिकून आहे. त्याचा आपल्याला फायदा असा की जपानी वस्तूंवर बहुधा ५०/६० दोन्ही लिहिलेलं असतं. व्होल्टेजचा प्रश्न मात्र उरतो.

*२. पिन आणि अडॅप्टर.*

प्लगचा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. व्होल्टेजला तो हातही लावत नाही. हे मी रोज कुणाला तरी सांगतो, कारण दुकानात त्याला ‘कन्व्हर्टर’ म्हणून विकतात आणि घेणाऱ्याला वाटतं, आता सगळं चालेल.

लेबल १००–२४० चं असेल तर अडॅप्टरपेक्षा केबल बदलणं चांगलं. लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची केबल सुटी निघते. तशीच गोल तीन पिनांची भारतीय केबल कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळते. सगळ्या देशांच्या पिना घेणारे युनिव्हर्सल अडॅप्टर आतून सैल असतात. अमेरिकी प्लगचं वजन त्यांना पेलत नाही, संपर्क अर्धवट राहतो आणि तिथेच ठिणगी पडते. अडॅप्टरची भोकं काळी पडलेली दिसली तर तो टाकून द्या.

इंग्लंड किंवा दुबईच्या चौकोनी प्लगमध्ये छोटा फ्यूज असतो. वस्तू एकदम बंद पडली असेल तर तो आधी बघा. आणि सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कुठल्याही प्लगची अर्थिंगची पिन कापू नका.

*३. अमेरिकी एक्स्टेंशन बोर्ड.*

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलगा विचार करतो, सहा चार्जर आहेत, सहा अडॅप्टर कशाला? अमेरिकेचा एक्स्टेंशन बोर्ड नेतो, त्याला एकच अडॅप्टर लावतो. चार्जर सगळे १००–२४० चे असतात, ते निभावतात. पण बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढणाऱ्या व्होल्टेजपासून, म्हणजे सर्जपासून वाचवणारा भाग) असेल तर त्यात चपट्या गोळीसारखा एक घटक असतो, जो व्होल्टेज ठरावीक हद्दीपलीकडे गेलं की करंट स्वतःकडे ओढून घेतो. अमेरिकी बोर्डात ती हद्द १२० व्होल्टच्या हिशोबाने ठेवलेली असते. आपले २३० व्होल्ट त्याला अखंड सर्जच वाटतात. तो तापतो, फुटतो, कधी प्लॅस्टिकला आग लावतो. असा बोर्ड घरात असेल तर आजच काढा. इथला चांगल्या कंपनीचा बोर्ड घ्या.

*४. झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघा.*

चार्जरच्या आत विजेतली खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात आणि त्यातून अगदी थोडी वीज धातूच्या अंगापर्यंत येते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत निघून जाते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसला की तो रस्ता बंद होतो आणि ती तुमच्या बोटांतून जाऊ लागते. बहुतेक वेळा हे धोक्याचं नसतं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

तीन पिनांची भारतीय केबल लावून बघा. झिणझिण्या थांबल्या तर झालं. थांबल्या नाहीत तर घरातल्या सॉकेटलाच अर्थिंग नाही असा अर्थ होतो. जुने वाडे, चाळी, गावाकडची घरं यात हे फार आढळतं: सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. इथे थांबा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंगची तार नळाच्या पाइपला गुंडाळायचा जो उपाय कुणी सुचवतं तो करू नका. एका घरातली गळती त्यातून दुसऱ्याच्या न्हाणीघरात पोचू शकते.

*५. जळालीच असेल तर.*

वायर काढून ठेवा. ‘पुन्हा एकदा लावून बघू’ नको. पहिल्या धक्क्यात बहुधा सर्वांत स्वस्त भाग गेलेला असतो, दुसऱ्यात महागडा जातो.

अलीकडे एका काकूंनी आणलेला कॉफी मेकर उघडला. बुडाचे स्क्रू काढले की नालेच्या आकाराचं हीटर दिसतं आणि त्याला क्लिपने चिकटवलेली एक चंदेरी नळी असते, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, वर पांढऱ्या विणीची नळी चढवलेली. हा थर्मल फ्यूज. ठरलेल्या तापमानाला तो कायमचा तुटतो. मीटर लावला तर फ्यूज तुटलेला आणि हीटर शाबूत. फ्यूजची किंमत किरकोळ. काकूंना वाटलं, आता मशीन नीट झालं. पण नवा फ्यूज बसवल्यावरही मशीन १२० व्होल्टचंच राहतं, पुढचं पाऊल उचलल्याशिवाय ते पुन्हा जळणार, हे त्यांना लेबल दाखवून सांगावं लागलं. थर्मल फ्यूजच्या जागी साधी तार जोडून देणारे कारागीर आहेत. त्यांना नाही म्हणा. पाणी संपल्यावर मशीन बंद करणारं शेवटचं रक्षण तेच असतं.

चार्जर किंवा टीव्हीचा वीजपुरवठा जळाला असेल तर आतला फ्यूज आणि त्याच्याजवळचा संरक्षक घटक बदलून पुष्कळदा काम होतं. ते काम दुरुस्तीवाल्याचं. बंद केल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोरदार धक्का देण्याइतकी वीज राहते.

*६. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर.*

हा भिंतीतले २३० व्होल्ट उतरवून १२० च्या आसपास आणतो. इथून खर्च सुरू होतो. आधी स्वतःला विचारा: ही वस्तू इथे नवी किती रुपयांना मिळते? हेअर ड्रायर, इस्त्री, टोस्टर, साधी किटली यांच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेणं मला कधीच पटलेलं नाही. ट्रान्सफॉर्मर वस्तूपेक्षा महाग पडतो, ओट्यावर जागा अडवतो आणि दोन महिन्यांत कपाटात जातो. चांगला स्टँड मिक्सर, बेकिंगचं यंत्र, शिवणयंत्र, कारागिराची अवजारं यांच्यासाठी मात्र घ्यावा.

आकार कसा ठरवायचा? लेबलवरचे वॉट बघा. नुसतं तापणारं उपकरण असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे १००० वॉटच्या इलेक्ट्रिक कुकरला १५०० व्हीए (ट्रान्सफॉर्मरचं माप, ढोबळमानाने वॉटच समजा). मोटर असेल तर दुप्पट-तिप्पट, कारण मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढते. हजार वॉटच्या वरचं काहीही १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे हे मिळतात, हव्या त्या मापाचे बनवूनही देतात. खरा ट्रान्सफॉर्मर हातात घेतला की जड लागतो, कारण आत लोखंडाचा गाभा आणि तांब्याची तार असते. मुठीत मावणारा, हलका आणि वर ‘१६०० वॉट’ लिहिलेला प्रवासी कन्व्हर्टर यासाठी घेऊ नका. तो विजेची लाट अर्धवट कापून सरासरी कमी करतो. साध्या हीटरला चार मिनिटं चालतो, पण इलेक्ट्रॉनिक पॅनेल किंवा टायमर असलेल्या वस्तूचा त्यावर घात होतो.

आणखी दोन गोष्टी. बाजारातले बहुतेक स्टेप-डाऊन ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून तारेची एकच गुंडाळी. त्याचा खालचा भाग तुटला तर बाहेर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. म्हणून त्यावर योग्य मापाचा फ्यूज किंवा एमसीबी असलेलाच घ्या आणि वस्तू चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा, नाहीतर रिकामा ट्रान्सफॉर्मरही गरम राहतो आणि वीज खात राहतो. चौकोनी लाटेच्या साध्या इन्व्हर्टरवर तो लावू नका, घुमतो आणि तापतो.

*७. ट्रान्सफॉर्मर लावूनही घुमतं, घड्याळ मागे पडतं.*

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. विजेची लाट मोजून चालणारं घड्याळ अमेरिकेत सेकंदाला ६० लाटा मोजतं, इथे त्याला ५० च मिळतात. तासाला दहा मिनिटं मागे पडणार, आणि त्यावर घरगुती इलाज नाही. तशाच मोटरी एक-षष्ठांश हळू फिरतात. वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेला जुन्या पद्धतीचा ६० हर्ट्झचा मायक्रोवेव्ह ५० हर्ट्झवर घुमतो, तापतो, आयुष्य गमावतो.

फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला मायक्रोवेव्ह, फ्रिज, वॉशिंग मशीन तिकडून आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणलाच असेल तर त्यावर पैसे घालू नका.

उलट दिशेचं थोडक्यात. इथला २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिकेत थेट लावला तर जळत नाही, पण नुसता कण्हतो, चटणी होत नाही. आपल्याकडच्या कंपन्या ११० व्होल्टचे मिक्सर खास बनवतात, जाणाऱ्या मुलीला तोच द्या. इथली दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी तर नेऊच नका: तिथल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम १८०० वॉट मिळतात, कुठलाही ट्रान्सफॉर्मर त्याहून जास्त काढून देणार नाही.

फोन

*१. आधी लॉक बघा, मग सिमला हात लावा.*

अमेरिकेत फोन हप्त्यावर कंपनीकडून घेतात आणि तो त्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला असतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘कॅरियर लॉक’ अशी ओळ आहे. तिथे सिमवर निर्बंध नाहीत अशा अर्थाचा मजकूर हवा. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्याचं चालू सिम घालून बघणं हाच सोपा मार्ग.

हे आधी का, तर अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या मॉडेलांना सिमचा खण नाही, फक्त ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच बसवलेलं सिम) चालतं. जिओ, एअरटेल, व्ही तिघेही ई-सिम देतात. पण घाईने बाबांचं सिम ई-सिममध्ये बदललं आणि नंतर फोन लॉक असल्याचं कळलं, तर जुनं सिम बंद झालेलं असतं, नवं चालत नाही आणि बँकेचे ओटीपी अडकतात. निवृत्तीवेतनाचं खातं त्याच नंबरावर असेल तर हाल होतात. म्हणून लॉक नाही याची खात्री झाल्यावरच बदला, आणि तेही कंपनीच्या ॲपमधून किंवा त्यांच्या गॅलरीत जाऊन. फोन करून ‘ई-सिम करून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणारा माणूस तुमचा नंबर पळवायला बसलेला असतो.

*२. वापरलेला फोन असेल तर आयएमईआय.*

*#०६# डायल केलं की १५ आकडे दिसतात, तो फोनचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय. इंग्रजी केवायएम ही अक्षरं, एक जागा सोडून ते आकडे, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो क्रमांक भारतात काळ्या यादीत आहे का ते कळतं. फोनमध्ये आधीच्या मालकाचं खातं अजून आहे का हेही बघा. ते त्यानेच काढायचं असतं.

*३. इंटरनेट चालतं, कॉल लागत नाही.*

जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, तिथला प्रत्येक कॉल फोरजी-फाइव्हजीवरूनच जातो. त्यासाठी फोनमध्ये व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) नुसतं असून भागत नाही, ते त्या कंपनीसाठी चालू केलेलं असावं लागतं. काही परदेशी अँड्रॉइड मॉडेलांत ते नसतं. सेटिंग्जमध्ये व्होल्टीचं बटण शोधा, चालू करा, फोन अपडेट करा, बंद करून पुन्हा चालू करा. बटणच नसेल तर एअरटेल किंवा व्हीचं सिम घालून बघा. त्यांच्याकडे टूजी शिल्लक आहे, साधा कॉल बहुधा लागतो.

*४. बँड.*

फोन घरात रेंज पकडत नाही आणि शेजारचा पकडतो, तर मॉडेल नंबर इंटरनेटवर टाकून त्याचे बँड, म्हणजे तो पकडू शकतो ते लहरींचे पट्टे, बघा. भारतात फोरजीसाठी ३, ५, ८ आणि ४० हे महत्त्वाचे, फाइव्हजीसाठी एन ७८, जिओसाठी एन २८ सुद्धा. हे फोनच्या हार्डवेअरमध्ये ठरलेलं असतं, कुठल्याही सेटिंगने वाढत नाही. गावाकडे राहणाऱ्या माणसासाठी फोन आणत असाल तर ८५०-९०० मेगाहर्ट्झचे ५ आणि ८ हे बँड आहेत ना ते आवर्जून बघा, कारण लांबच्या टॉवरची रेंज त्यांच्यावरच येते.

वाय-फाय

हे अगदी फुकटात सुटतं. भारतात राउटर १ ते १३ यांपैकी कुठलाही चॅनेल घेऊ शकतो. अमेरिकेसाठी बनवलेली उपकरणं बहुधा ११ पर्यंतच ऐकतात. राउटरने आपणहून १२ किंवा १३ निवडला की अमेरिकी लॅपटॉपला तुमचं वाय-फाय दिसतच नाही आणि लोक लॅपटॉप बिघडला म्हणून घेऊन येतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल ‘ऑटो’वरून १, ६ किंवा ११ करा. तिकडून केबल कंपनीचा मोडेम उचलून आणला असेल तर इथल्या फायबरला तो उपयोगी नाही.

सॉफ्टवेअर आणि खाती

लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज इथेही चालतं, नवं लायसन्स घेऊ नका. ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं, देशाशी नाही.

ॲप सापडत नाही याचं कारण बहुधा फोन नसून खातं असतं. स्टोअर कुठल्या देशाचं दिसेल ते खात्याच्या देशावर ठरतं. ॲपलमध्ये देश बदलायचा तर खात्यातली शिल्लक संपवावी लागते, चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात. गूगल प्लेमध्ये वर्षातून एकदाच देश बदलता येतो. म्हणून सुट्टीपुरते आलेल्यांनी मुख्य खात्याचा देश बदलू नये. आयफोनमध्ये खरेदीपुरतं दुसरं, भारतातलं खातं लावता येतं. आयक्लाउड जुन्याच खात्यावर राहतं. भेट आलेलं अमेरिकी गिफ्ट कार्ड भारतीय खात्यात भरता येत नाही, त्यात बिघाड शोधू नका.

अँटीव्हायरस किंवा ऑफिसच्या सॉफ्टवेअरचा कोड विकत घेण्याआधी पाकिटावर देशांची नावं आहेत का ते वाचा. काही कोड इंटरनेटचा पत्ता बघून अडतात. ते तिकडे असतानाच चालू करून घेतले तर पुढे कधी चालतात, कधी नूतनीकरणाला अडतात. व्हीपीएनने (आपण दुसऱ्या देशात आहोत असं दाखवणाऱ्या सोयीने) जमवून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे भरलेल्या खात्यासाठी मी ते सुचवणार नाही. कंपनीच्या अटींत ते बसत नसेल तर खातंच बंद होतं.

शिक्षण किंवा नोकरी संपवून कायमचे परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची: अमेरिकी नंबर बंद करण्याआधी ईमेल, तिथली बँक, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सगळीकडे लॉगिनच्या पडताळणीचा नंबर बदला किंवा पडताळणीचं ॲप लावा. नंबर एकदा सुटला की तो दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. यावर दुरुस्तीवाला काही करू शकत नाही.

सिनेमाच्या तबकड्याही देशांच्या विभागांना बांधलेल्या असतात: अमेरिकी डीव्हीडी विभाग १ ची, भारताचा विभाग ५. ब्लू-रे तिकडे ए, इकडे सी. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये विभाग पाचदाच बदलता येतो, शेवटचा कायम राहतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतला उच्च दाबाचा कपॅसिटर जीव घेऊ शकतो.

फोन किंवा लॅपटॉप फुगला असेल, मागचं झाकण वर आलं असेल, तर चार्जिंग तिथेच बंद. दाबून बसवू नका, टाचणी लावू नका. कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. बाहेर घेतलेल्या वस्तूची वॉरंटी इथे चालते का हेही तिथेच विचारून घ्या. लॅपटॉपची पुष्कळदा चालते, फोनची कमी वेळा.

एमसीबी वस्तू काढल्यावरही परत पडत असेल, सॉकेट गरम लागत असेल, भिंतीतून वास येत असेल तर मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवा.

लॉक असलेला फोन पैसे घेऊन ‘खोलून देणाऱ्या’ दुकानात देऊ नका. लॉक मूळ कंपनीच काढते, हप्ते फिटल्यावर, आणि अर्ज तिथल्या खातेदाराने करायचा असतो.

आणि वैद्यकीय उपकरणांवर कुठलाही प्रयोग नको. श्वासाच्या त्रासासाठी झोपताना लावायच्या सीपॅप यंत्राचा पुरवठा बहुधा १००–२४० व्होल्टचा असतो, तरीही लेबल बघूनच लावा. नेब्युलायझर पुष्कळदा १२० व्होल्टचे निघतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नातेवाइकांनी तिकडून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवले, त्यातले काही अजून घराघरांत ठेवलेले आहेत. लेबलवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जमतं, पण आतला कॉम्प्रेसर ५० हर्ट्झवर हळू चालतो. वैद्यकीय उपकरणांच्या तंत्रज्ञाकडून बाहेर येणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घेतल्याशिवाय तो रुग्णाला लावू नका.